अळीला आखाजी कशी कळते?

११ जुलै १९९२, शनिवार

आज माझ्या बोंडअळीची अब्रू पणाला लागली. अळीला अब्रू असते का, असा प्रश्न तेरावीच्या पोरींनी विचारला असता तर मी हसले असते, पण धुळ्याच्या बैठकीत मला हसू आलं नाही.

कापसावर अळीची मोठी लाट कधी येणार, हे आधीच सांगणारा एक प्रोग्रॅम मी कॉम्प्युटरवर बसवला आहे. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता सलग काही हंगाम सापळ्यातले पतंग मोजले आणि रोजच्या उन्हाची बेरीज मांडली. ती बेरीज एका ठरावीक आकड्याला पोचली की अळीची पुढची पिढी बाहेर पडते. तत्त्व एवढंच. गेल्या वर्षी मी जो आठवडा सांगितला, त्याच आठवड्यात सापळे भरले. म्हणून आज दोन्ही जिल्ह्यांच्या कीड-अंदाज समितीपुढे ऐटीत उभी राहिले.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "बाई, गावोगाव एक ज्योतिषी असतोच. त्याच्या भरवशावर आम्ही दोन जिल्ह्यांची फवारणी ठरवत नाही. तुमची फ्लॉपी, तुमचेच आकडे, पण दुसऱ्या गावात दुसऱ्या माणसानं चालवून तोच आठवडा काढून दाखवायचा. चौदा ऑगस्टला पुन्हा बसू. निघाला तर यंदाचा अंदाज गावोगावच्या फलकावर लावतो. नाही निघाला तर विषय बंद."

दुसरा माणूस म्हणून नेमले कोणाला, तर धुळ्याच्या कॉलेजातले संख्याशास्त्राचे तेंडोलकर. मूळ गाव वेंगुर्ला. ह्या माणसाने कापूस पाहिला असेल तर तो गादीत. पण सभ्य आहेत, फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली.

येताना बसमध्ये मी निश्चिंत झोपले. माझी बेरीज वेंगुर्ल्यात केली काय आणि वॉशिंग्टनला केली काय, बदलणार थोडीच आहे!

२० जुलै, सोमवार

तेंडोलकरांचा कॉलेजात फोन. "मॅडम, प्रोग्रॅम उत्तम चालला. फक्त गेल्या वर्षीची लाट तीन आठवडे उशिरा येते आहे."

मी म्हटलं, आकडे नीट टाकलेत का? म्हणाले, दोनदा तपासले. मी म्हटलं, फ्लॉपी उन्हात ठेवली असेल. म्हणाले, कपाटात होती. मग हळूच विचारतात, "मॅडम, सुरुवातीला यंत्र पहिला दिवस विचारतं. तिथे तुम्ही नक्की काय टाकता?"

"हंगामाचा पहिला दिवस, दुसरं काय? त्यात विचारायचं काय आहे?"

"बरं, बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं! संख्याशास्त्रवाल्यांचं हे असंच असतं, अळी हातात घ्यायची नाही आणि शंका मात्र हजार.

दुपारी पोरींना दाखवण्यासाठी मी इथल्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम चालवला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उलटून नेहमीप्रमाणे आखाजी पाहिली, आकडा टाकला, एंटर मारलं. आला तोच आठवडा. पोरींनी टाळ्या वाजवल्या. प्रोग्रॅम ठणठणीत आहे.

२५ जुलै, शनिवार

शेवटी स्वतःच धुळ्याला गेले. तेंडोलकरांची कॉम्प्युटरची खोली आमच्यासारखीच, गारठा आणि बाहेर चपलांची रांग. ते चहा सांगायला गेले तेवढ्यात मी खुर्चीत बसून उरकूनही टाकलं. ते आले तेव्हा पडद्यावर बरोबर उत्तर. त्यांच्याच गावात, त्यांच्याच यंत्रावर!

माणसाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चष्मा पुसला, परत लावला. "तुम्ही केलं की येतं आणि मी केलं की येत नाही."

"हातगुण असतो," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "अध्यक्षांना नेमकी तीच भीती आहे, मॅडम. पुढच्या वेळी तुम्ही बाहेर ओट्यावर बसायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि मी चालवणार."

मला, ओट्यावर! पोरींना वर्गाबाहेर उभं करते तसं! परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत माझं डोकं फणफणत होतं. घरी आबांना सांगितलं तर त्यांनी भाकर मोडता मोडता विचारलं, "मंग बठीस का तू वट्टावर?" मी म्हटलं, मरनी तरी नही बसाव. आबा म्हणाले, "वट्टावर बसानं वाईट नही माय. बसाडनारा कसा शे ते देखानं."

आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात आम्ही दोघंच. शेजाऱ्यांना ते सांगतात, मन्ही धरणगावकडे शेती व्हती. मी कधी मध्ये बोलत नाही. त्या दिवसांबद्दल आमच्याकडे बोलणंच होत नाही.

३० जुलै, गुरुवार

तेंडोलकर आज जळगावला आले होते, रजा टाकून. हे मला आवडलं नाही, कारण शत्रूने रजा टाकून यावं असं काही नसतं. येताना काजूगराची पुडीही आणली होती.

म्हणाले, "मी हात लावत नाही. तुम्ही नेहमीसारखं चालवा, मी मागे उभा राहून पाहतो." मी नेहमीसारखं चालवलं. यंत्राने पहिला दिवस विचारला, मी भिंतीवर पाहिलं आणि १३६ टाकलं.

"थांबा. हे १३६ काय?"

"सोळा मे. वर्षातला एकशे छत्तिसावा दिवस."

"सोळा मेला काय होतं?"

"आखाजी."

"आखाजी म्हणजे?"

मी वळून पाहिलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण चेहरा कोरा. मग सांगितलं, अक्षय्य तृतीया हो. म्हणाले, "आमच्याकडे त्या दिवसापासून आंबा खातात. मी तर सात जून टाकत होतो. मृग."

खोलीत तो गारठा, आणि मला घाम फुटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मी एकटीने नाही, तेंडोलकरांना सोबत घेऊन. माझ्या छापील टिपणात हे कुठेच नाही. प्रोग्रॅममध्ये नाही. चार जणांसमोर मी हा प्रोग्रॅम चालवून दाखवला आणि दर वेळी किल्ली माझ्याच बोटात होती, नि मला ती असल्याचंही ठाऊक नव्हतं.

तेंडोलकर हसले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे घेऊन एकेका वर्षाची आखाजी टाकून पाहिली. नव्वदला आखाजी एप्रिलच्या शेवटी. एक्क्याण्णवला अधिक वैशाख आला म्हणून मेच्या मध्यावर. पतंगही तसेच मागेपुढे. मृग टाकला की एकही वर्ष जुळत नाही.

"मॅडम, किड्याला अधिक महिना कळतो?" असं त्यांनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं.

मी म्हटलं, "कळत असला पाहिजे." ह्यापेक्षा मूर्ख उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल.

२ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस तोच प्रश्न डोक्यात. अळीला आखाजी कशी कळते? बैठकीत हा प्रश्न येणारच, आणि उत्तर नसेल तर मी पंचांग वाचणारी बाई ठरेन. अध्यक्षांचा ज्योतिषी मीच.

सकाळी धुणं वाळत घालताना उत्तर सापडलं. सापडलं कसलं, ते सगळा वेळ घरातच बसून बिडी ओढत होतं.

आखाजीला सगळ्या खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या घरी झोका नव्हता. आमच्या घरी त्या दिवशी बोचकं बांधायचे. आबा सालदार होते. वर्षाच्या बोलीवर एका मालकाच्या शेतात राबायचं, आणि ते वर्ष आखाजीला सुरू होऊन आखाजीला संपायचं. मालकाने पुन्हा ठेवलं तर ठेवलं, नाहीतर भांडी, गोधड्या, कोंबडी आणि मी, सगळं डोक्यावर घेऊन पुढच्या गावी. मला पाडव्याला नवं वर्ष सुरू झाल्यासारखं कधी वाटलंच नाही. आखाजीला वाटायचं. अजूनही त्या दिवशी आबा दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहतात.

आणि मालक काय करायचे? विहिरीचं पाणी असलेला मालक पावसाची वाट न पाहता सरकी लावतो, पण लावणार कोण? जुना सालदार निघालेला, नवा आखाजीनंतर येणार. म्हणून तोवर रान मोकळं. नवा सालदार आला की त्याचं पहिलं काम सरकी लावणं. अळीला पंचांग कळत नाही, तिला फक्त खायला कधी मिळतं ते कळतं. अधिक महिना आला, आखाजी पुढे गेली, सालदार उशिरा आला, कापूस उशिरा उगवला, अळी उशिरा आली.

मी यंत्रात सण टाकत नव्हते. मी आबांचं साल टाकत होते.

मला इतका आनंद झाला की पिळलेलं धोतर तसंच बादलीत राहिलं.

४ ऑगस्ट, मंगळवार

आनंद दोन दिवस टिकला. आज जेवताना आबांना विचारलं, "आबा, समितीमा सांगू का? तुम्हनं सालदारकीनं?"

घास हातातच राहिला. "काय सांगशी?"

"आखाजीले साल बदलस म्हनीसन कपाशी तव्हय लागस. माले हाई ठाऊक, कारन तुम्ही सालदार व्हतात."

"दुसरं काही भी सांग. पंचांग सांग. तू प्रोफेसर शे माय. चारचौघामा मन्हं साल कसाले काढस? तुले इतली शिकाडी ती यानाकरता का?"

आणि ताट सरकवून उठले. माझ्यावर रागावून आबा जेवणावरून उठल्याचं मला आठवत नाही.

तेंडोलकरांना फोन करून, आबांचं नाव न काढता, सालाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, टिपणात मोघम लिहिते, "स्थानिक प्रथेनुसार". आढेवेढे न घेता म्हणाले, "मोघम लिहिलंत तर चाळीसगावात पुन्हा हाच घोळ होईल. आता अध्यक्षांनी तिथल्या पवारबाईंना तिसरा माणूस म्हणून नेमलंय. त्या मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांच्या गावी साल पाडव्याला बदलत असेल. मॅडम, का ते लिहिल्याशिवाय दुसऱ्याला तोच दिवस सापडत नाही."

बरोबर बोलतात. ह्या माणसाचं नेहमी बरोबर असतं, हाच त्यांच्यातला मोठा दोष आहे.

लिहिलं तर आबांचं मन मोडतं. नाही लिहिलं तर इतक्या वर्षांचं काम माझ्या बोटांबरोबर मरणार. मला काम जगायला हवं आहे. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. आणि तरी आबांच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

आबांना आज कॉलेजात घेऊन गेले. दोन दिवस धड बोलले नव्हते, पण "डबा देखाले चाला" (आबा कॉम्प्युटरला डबाच म्हणतात) म्हटल्यावर धोतर बदलून तयार झाले. टोपीसुद्धा धुतलेली घातली.

कॉम्प्युटरच्या खोलीपाशी मी चपला काढल्या आणि पाहते तो आबा दारातच थबकलेले. चेहरा एकदम जुना झाला.

"अठे भी चपला काढानी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दर आखाजीला नव्या मालकाच्या वाड्याशी पोचलं की आम्ही फाटकापाशी पायताण काढायचो. बाकीचे घालून आत जायचे, आम्ही काढायचो. धर्मांतर झालं, कायदे आले, तरी त्या फाटकांना पत्ता नव्हता. मी पोरगी असताना आबांची पायताणं हातात धरून उभी राहिलेली आहे.

मी म्हटलं, "बठ्ठास्ले काढना पडतस आबा. यंत्रले धूय चालत नही."

"बठ्ठास्ले?"

"बठ्ठास्ले."

सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना का, म्हणून त्यांनी खाली रांग नीट पाहिली. प्रिन्सिपॉल पाहुण्यांना यंत्र दाखवायला आत आले होते, त्यांचे पॉलिश केलेले काळे बूट भिंतीशी होते. "हाई कोन्हा?" "प्रिन्सिपॉलना." आबांनी सावकाश आपल्या चपला काढल्या आणि त्या बुटांना चिकटवून ठेवल्या. वाकडी झाली होती एक, ती पायाने सरळ केली. मग आत आले. आत प्रिन्सिपॉल अनवाणी उभे होते. त्यांनी नमस्कार केला, आबांनीही केला.

पाहुणे गेल्यावर मी आबांना खुर्चीत बसवून प्रोग्रॅम दोनदा चालवला. एकदा मृग टाकून, एकदा आखाजी टाकून. सापळ्यातले खरे आकडे शेजारी दाखवले. आबांना वाचता येतं, थोडं हळू.

"म्हंजे सालदार काढी टाका तं तुन्हं मशीन खोटं बोलस?"

"हा, आबा."

आबांनी सापळ्यातले आकडे पुन्हा एकदा हळूहळू वाचले. मग म्हणाले, "लिखी टाक मंग. पन नाव लिख. नुसतं सालदार नको लिखू. वीस वरीस माले कोन्ही नाव लिसन हाक नही मारी. ए सालदार, ओ सालदार."

मला रडू आलं, आणि मी रडले. खोलीत कोणी नव्हतं.

प्रोग्रॅममध्ये शेऱ्याची ओळ घालता येते. ती यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. ती फक्त माणसांसाठी असते. इतकी वर्षं मला वाटायचं, जागा कशाला वाया घालवा. आज अगदी वरती ओळ टाकली, इंग्रजी अक्षरांत: पहिला दिवस म्हणजे आखाजी, त्या दिवशी सालदाराचं साल सुरू होतं आणि त्यानंतर विहिरीवरचा कापूस लागतो, सांगणार तोताराम बिऱ्हाडे, सालदार. आबांनी एकेक अक्षर बोटाने मोजत पाहिलं.

८ ऑगस्ट, शनिवार

तेंडोलकरांशी फोनवर तासभर भांडण. धुळ्याकडे कोरडवाहू कापूस जास्त, तो पेरणीच्या पावसावरच लागतो, तिथे आखाजी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, "कालच दोंडाईच्याला जाऊन चार शेतं पाहून आलो." कापूस गादीत पाहिलेला माणूस! मी मुकाट्याने मान्य केलं. यंत्र आता आधी विचारतं, विहिरीचा कापूस की पावसाचा. पावसाच्या कापसाचं अजून तपासलेलं नाही, आणि तेही आम्ही तसंच लिहिलं आहे.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आजची बैठक. लिहायला हात शिवशिवताहेत.

आधी तेंडोलकरांनी त्यांचा आठवडा सांगितला. मग चाळीसगावच्या पवारबाई उठल्या. ह्या बाईंना मी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फ्लॉपी टपालाने घेतली, आम्हाला एक प्रश्न विचारला नाही, आणि सगळ्या वर्षांचा निकाल वाचून दाखवला. तोच. आठवडा तोच, नव्वदचाही, एक्क्याण्णवचाही. मी तिथे नव्हते, माझं बोट तिथे नव्हतं. मला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला थोडं वाईट वाटेल. अजिबात वाटलं नाही.

अध्यक्षांनी पान बाजूला ठेवलं. "सगळं ठीक. पण बाई, अळीला आखाजी कशी कळते?" सगळे हसले.

मी उभी राहिले. "अळीला कळत नाही, साहेब. सालदाराला कळते. माझे वडील सालदार होते." आणि मग बोचक्यापासून सरकीपर्यंत सगळं सांगितलं. हसणं कुठे थांबलं ते मला समजलं नाही. पवारबाई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या ओळीतले तोताराम ते तुमचे वडील! मला वाटलं, कोणी शास्त्रज्ञ असतील." मी म्हटलं, वडीलच.

विहिरीच्या कापसाचा यंदाचा अंदाज सोमवारपासून फलकांवर लागणार. पावसाच्या कापसासाठी पुढचा हंगाम, आणि त्यासाठी समितीने आम्हा दोघांना नेमलं. तेंडोलकर म्हणाले, "आता तरी ओट्यावर बसाल का?" मी म्हटलं, "तुम्ही बसाल तर बसते." ते इतके लाल का झाले कळलं नाही. उन्हात फिरायची सवय नसावी.

घरी आले तेव्हा आबा ओट्यावरच होते. सगळं सांगितलं. पवारबाईंनी नाव वाचलं तेही सांगितलं.

"चाळीसगावमा?"

"हा आबा, चाळीसगावमा. आते धुळामा भी शे, दोंडाईचाले भी जाई."

आबांनी बिडी ओट्यावर टेकवून विझवली.

"त्या बाईले भी चपला काढना पडन्यात का रे माय, डबापाशी?"

"हा, आबा. तठे भी काढना पडतस."

"मंग ठीक शे," आबा म्हणाले आणि जेवायला उठले.